“काल संध्याकाळपर्यंत तर शिट्ट्या मारत होता”

कोल्हापूरच्या एका ताईंचा प्रश्न आहे. थोडक्यात असा: त्यांचा तीन वर्षांचा कॉकाटील (डोक्यावर तुरा असलेला छोटा पोपट) सकाळी पिंजऱ्याच्या तळाशी मेलेला सापडला. आदल्या दिवशी “जरा गप्प होता, पण बाजरी खात होता”. दुकानदाराने पाण्यात घालायला एक पिवळी पावडर दिली होती, ती घातली होती. आता जोडीतली मादी एकटी उरली आहे. तिच्यात काय पाहायचं, कधी धावायचं, आणि पक्ष्यांचे डॉक्टर गावात नसतील तर हातात काय उरतं?

ताई, “काल संध्याकाळपर्यंत तर शिट्ट्या मारत होता” हे वाक्य मी बावीस वर्षं ऐकतोय. सांगणारा खोटं बोलत नसतो. खोटं बोलतो तो पक्षी. थव्यात राहणाऱ्या जिवाला आजारपण दाखवणं परवडत नाही, कारण शिकरा नेमका त्याच्यावरच झडप घालतो. पिंजऱ्यात जन्मलेल्या पक्ष्याच्याही अंगातली ही खोड जात नाही. म्हणून “अचानक मेला” असे जे पक्षी माझ्याकडे शवविच्छेदनाला येतात, त्यातल्या बहुतेकांचं मांस झडून छातीचं हाड सुरीच्या पात्यासारखं वर आलेलं असतं. तसं व्हायला दिवस नाही, आठवडे लागतात.

तुमचं “बाजरी खात होता” हेच घ्या. आजारी पक्षी वाटीपाशी जातो, दाणा उचलतो, चोचीत घोळवतो आणि टाकून देतो. लांबून पाहणाऱ्याला तो जेवतोय असंच वाटतं. शिवाय कॉकाटील आणि बजी (आपल्याकडे दुकानात ज्याला सरसकट ‘लव्हबर्ड’ म्हणतात तो बहुधा बजीच असतो) दाणा सोलून खातात आणि टरफल वाटीतच टाकतात. वाटी भरलेली दिसते, पण वर सगळं फोल असतं. म्हणून रोज वाटीवर एक फुंकर मारा. फोल उडाल्यावर खाली किती दाणा उरला, तो खरा हिशोब. भरल्या वाटीसमोर उपाशी राहिलेले पक्षी मी पाहिलेत, घरातली माणसं गावाला गेलेली असताना शेजाऱ्यांच्या भरवशावर ठेवलेले.

माझ्या लेखी सगळ्यात मोठं उपकरण म्हणजे एका ग्रॅमचा फरक दाखवणारा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा. दर रविवारी सकाळी, पहिली शीट झाल्यावर आणि दाणे देण्याआधी, मादीला त्यावर बसवा. बसत नसेल तर छोट्या डब्यात घालून मोजा आणि डब्याचं वजन वजा करा. कॉकाटील साधारण 80 ते 100 ग्रॅमचा, बजी 30 ते 40, कंठवाला पोपट सव्वाशेच्या आसपास, आफ्रिकन ग्रे हा करडा पोपट चारशे ते पाचशे. पण पुस्तकातल्या आकड्याशी तुलना करू नका, तिच्या स्वतःच्या मागच्या आकड्याशी करा. दहा टक्के उतरले, म्हणजे 90 ग्रॅमची मादी 81 वर आली, तर बाकी काहीही दिसत नसलं तरी डॉक्टर गाठा. पिसांच्या फुगीर कोटामागे हे नऊ ग्रॅम डोळ्यांना दिसणारच नाहीत.

दुसरं म्हणजे पिंजऱ्याच्या तळाचा कागद. तिथे लाकडाचा भुसा नको, साधं वर्तमानपत्र घाला आणि रोज बदला. निरोगी शिटेत तीन गोष्टी असतात: हिरवी किंवा तपकिरी घट्ट वळी, तिच्यावर पांढरी साय आणि भोवती थोडं पाणी. पांढरी साय पिवळी किंवा पोपटी झाली तर यकृत बिघडलंय असं समजा. वळी डांबरासारखी काळी असेल तर आत वरच्या भागात रक्तस्राव असू शकतो. अख्खे दाणे जसेच्या तसे पडत असतील तर पचन बंद पडतंय. शीट अगदी थोडी आणि गडद हिरवी असेल तर पक्षी जेवतच नाहीये. मात्र आदल्या दिवशी बीट किंवा डाळिंब दिलं होतं का, ते आधी आठवा. रात्री अकरा वाजता “रक्ताची शीट” म्हणून फोन आला आणि ते बीट निघालं, असं माझ्याकडे वर्षातून दोनतीनदा तरी होतं.

आता धावायचं कधी ते सांगतो.

सगळ्यात आधी श्वास. मी पक्ष्याला हात लावण्याआधी खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभा राहून त्याची शेपटी पाहतो. निरोगी कॉकाटील निवांत बसला असेल तर शेपटीचं टोक जवळजवळ स्थिर असतं. दम लागलेल्याची शेपटी प्रत्येक श्वासाला हातपंपाच्या दांड्यासारखी खालीवर होते. त्याबरोबर चोच उघडी, मान ताणलेली किंवा श्वासाला टकटक आवाज असेल तर ही तासांची गोष्ट आहे, दिवसांची नाही. मी जवळ गेलो की तोच पक्षी तुरा उभारतो, डोळे गोल करतो आणि टवटवीत दिसायला लागतो. त्यामुळे टेबलावर मला कधीकधी खरा आजार दिसतच नाही. तुम्ही घरी मोबाइल समोर टेकवून ठेवा, सगळ्यांना खोलीबाहेर काढा आणि पाच मिनिटांची फिल्म घ्या. तपासणीच्या वेळी ती माझ्या स्टेथोस्कोपपेक्षा जास्त बोलते.

या बाबतीतली माझी चूकही सांगतो, कारण ती घरीही होते. व्यवसायाच्या पहिल्याच वर्षी धापा टाकणारी एक निळी बजी माझ्याकडे आली. मी उत्साहाने तिला मुठीत धरलं, छाती ऐकली, मागचा भाग पाहायला उताणी केली. अर्ध्या मिनिटात तिने हातातच मान टाकली. पक्ष्याला आपल्यासारखा श्वासपटल नसतो. छातीचं हाड पुढेमागे हललं तरच हवा आत जाते, आणि मी तेच हाड दोन बोटांत दाबून धरलं होतं. त्यानंतर आजतागायत धापा टाकणारा पक्षी आला की तो आधी ऑक्सिजनच्या पेटीत जातो आणि दहापंधरा मिनिटं त्याला कुणी हात लावत नाही. घरी धरायची वेळ आलीच तर मानेला दोन बाजूंनी बोटांचा आधार द्या, अंगाभोवती पातळ नॅपकिन सैल ठेवा आणि छातीवर काहीही दाबू देऊ नका.

स्वयंपाकघरात पिंजरा असेल तर तो आजच हलवा. नॉनस्टिकचा लेप साधारण 260 ते 280 अंशांपुढे तापला की त्यातून विषारी वायू निघतो. रिकामा तवा मोठ्या आचेवर विसरला तर तिथे पोचायला काही मिनिटं पुरतात. माणसाला फार तर घसा खवखवल्यासारखं होतं, पण पक्ष्याची फुप्फुसं हवेतून ऑक्सिजन शोषण्यात आपल्यापेक्षा कितीतरी तरबेज आहेत आणि विषही तितक्याच तत्परतेने शोषतात. कोळशाच्या खाणीत कॅनरी नेत ते याचसाठी. एका घरात बाई गॅसवर तवा ठेवून फोन घ्यायला गेल्या. परत आल्या तेव्हा एक बजी खाली पडलेली होती आणि दुसरी कशीबशी दांडीवर तग धरून होती. दुसरी वाचली, कारण त्यांनी पिंजरा उचलून थेट गच्चीवर नेला. असं झालं तर औषध शोधत बसू नका, मोकळी हवा आणि मग दवाखाना. हाच लेप काही इस्त्र्यांना आणि एअर फ्रायरलाही असतो. डासांची कॉइल, धूप, कापूर, मिरचीच्या फोडणीचा ठसका, दिवाळीतला धूर इतक्या झटपट मारत नाहीत, पण छाती पोखरतात. पक्ष्याच्या खोलीत ते नकोत.

तुमच्याकडे मादी उरली आहे म्हणून अंडं अडकण्याबद्दल थोडं जास्त लिहितो. नर नसला तरी कॉकाटीलची मादी अंडी घालते. साधारण दिवसाआड एक. तिच्या अंगात कॅल्शियम कमी असेल, आणि नुसत्या बाजरी-राळ्यावर किंवा सूर्यफुलाच्या बियांवर वाढलेलीत ते कमीच असतं, तर कवच पातळ होतं, स्नायूंना जोर राहत नाही आणि अंडं वाटेतच अडतं. मग ती तळाशी पाय फाकून बसते, शेपटी हापसत कुंथते, शीट एकदम मोठी होते किंवा बंदच होते. कधी एक पाय लुळा पडतो. लोक “पाय मोडला” म्हणून घेऊन येतात आणि एक्सरेत अंडं दिसतं, कारण ते आतून पायाची नस दाबत असतं. अशा वेळी खोका गरम आणि दमट असायला हवा: खोक्यात गरम पाण्याने भिजवून पिळलेला नॅपकिन तिच्या अंगाला लागणार नाही असा ठेवा, अंधार करा आणि ताबडतोब निघा. दवाखान्यात कॅल्शियमचं इंजेक्शन आणि ऊब दिल्यावर बरीच अंडी आपोआप बाहेर येतात. तेल लावून पोट दाबायचं नाही. आत अंडं फुटलं की कवचाचे तुकडे आतड्याच्या आणि अंडनळीच्या चिंध्या करतात. पुढे अंडी कमी व्हावीत म्हणून पिंजऱ्यातला आरसा आणि खोपा काढा, संध्याकाळी लवकर झाकून दिवस दहाबारा तासांचा करा आणि कॅल्शियमसाठी समुद्रफेन (कटलफिशचं पांढरं हाड) कायम टांगून ठेवा. घातलेली अंडी लगेच उचलू नका, नाहीतर ती भरपाई म्हणून पुन्हा घालत राहते.

आपल्याकडची आणखी एक खास गोष्ट म्हणजे छताचा पंखा. पक्षी मोकळा असेल तर पंखा बंद, हा नियम घरातल्या सहा वर्षांच्या मुलापासून आजोबांपर्यंत सगळ्यांना पाठ हवा. पंख्याचा मार लागून पक्षी भोवळ येऊन पडला असेल तर मात्र त्याला गरम करू नका. डोक्याला मार असताना ऊब दिली की आतली सूज वाढू शकते. साध्या तापमानाच्या अंधाऱ्या खोक्यात ठेवा, पंख लोंबत असेल तर तो ओढूनताणून बांधू नका.

रक्ताचं गणित छोट्या पक्ष्यात फार कडक असतं. अंगातलं रक्त वजनाच्या साधारण दहावा हिस्सा. म्हणजे 35 ग्रॅमच्या बजीत सगळं मिळून पाऊण छोटा चमचा. कॉकाटीलचे पंधरावीस थेंब गेले तर तो सहसा सावरतो, त्यापुढे काळजी. नख तुटलं असेल तर कॉर्नफ्लोअर किंवा तुरटीची पूड टोकावर दाबून दोन मिनिटं धरा. तुरटी फक्त नखावर, उघड्या जखमेवर नाही. नवं पीस उगवत असताना त्याच्या दांडीत रक्त असतं. ते मोडलं की भळभळतं. त्यावर स्वच्छ कापड नुसतं दाबून ठेवा. जुन्या मंडळींचा सल्ला असतो की ते पीस चिमट्याने उपटून टाका, पण घरी ते करू नका, कधी कातडीच फाटते.

मांजराने नुसता पंजा मारला, एक टिपूसही रक्त दिसत नाही, पक्षी दांडीवर बसलाय, तरी त्याच दिवशी दवाखाना. मांजराच्या तोंडातले जंतू पक्ष्याच्या रक्तात गेले की दोन दिवसांत तो जातो, आणि अँटिबायोटिक वेळेत सुरू झालं तर बहुतेकदा वाचतो. झटका आला, विशेषतः आफ्रिकन ग्रेला, तर दांड्या आणि वाट्या काढून तळाला टॉवेल घाला आणि निघा. या जातीत रक्तातलं कॅल्शियम उतरून झटके येणं फार ओळखीचं आहे. ॲव्होकाडो, चॉकलेट, कॉफी पोटात गेली असेल तर लक्षणांची वाट पाहू नका. जस्ताचा मुलामा दिलेली जाळी किंवा शिशाचा तुकडा चावला असेल तरीही तेच.

ओकणं आणि लाडाने भरवणं यात लोकांचा गोंधळ होतो. आरशासमोर किंवा तुमच्या बोटासमोर मान खालीवर करत दाणे काढणारा पक्षी प्रेमात आहे. मान झटकून सगळीकडे शिंतोडे उडवणारा, डोक्याची पिसं चिकट झालेला पक्षी आजारी आहे.

आता घरात करायचं काय. पुठ्ठ्याचा छोटा खोका घ्या, बाजूंना भोकं पाडा, तळाला टॉवेल घाला. अर्ध्या भागात ऊब, अर्धा तसाच, म्हणजे नको असेल तेव्हा त्याला सरकता येईल. उबेच्या बाजूला 29 ते 32 अंश हवेत, एक साधा थर्मामीटर आत ठेवा. पूर्वी आम्ही चाळीसचा पिवळा बल्ब लावा म्हणायचो. आता घराघरांत एलईडी आहेत आणि त्यांनी उजेड पडतो, ऊब मिळत नाही. रात्रभर एलईडी लावून “ऊब दिली” म्हणणारे मला भेटलेत. त्यापेक्षा गरम पाण्याची बाटली नॅपकिनमध्ये गुंडाळून ठेवा आणि तासाभराने पाणी बदला. पक्षी पंख अंगापासून दूर धरून धापायला लागला तर ऊब जास्त झाली. मेमधल्या गॅलरीत ऊन लागलेल्या पक्ष्याची खूणही हीच. त्याला सावलीत आणून पायांवर आणि पंखांखाली साधं पाणी लावा, बर्फाचं नको.

चोचीत काहीही घालू नका. ना ड्रॉपरने पाणी, ना साखरपाणी, ना ब्रँडीचे थेंब. ब्रँडीचा हा उपाय कुठून आला कोण जाणे, पण मुंबईपासून सोलापूरपर्यंत सगळीकडे आहे. अर्धवट शुद्धीतल्या पक्ष्याच्या श्वासनळीचं तोंड जिभेच्या अगदी मागेच असतं. थेंब पोटात न जाता थेट तिथे उतरतो. आणि ती पिवळी पावडर. दुकानदाराचा हेतू वाईट नसेल, पण कॉकाटील मूळचा ऑस्ट्रेलियातल्या कोरड्या भागातला, एरवीही पाणी कमी पितो, आजारात आणखी कमी, आणि कडू झालेलं पाणी तर टाळतोच. औषध पुरेसं पोटात जात नाही, तुमचा एक दिवस मात्र जातो. तुमचा नर पावडरीने मेला असं मी म्हणत नाही. पण तो गप्प बसला त्या दिवशी त्याला पाण्यातल्या पावडरीची नाही, ऊब आणि तपासणीची गरज होती.

डॉक्टरांबद्दल. निव्वळ पक्ष्यांवर काम करणारे राज्यात मोजके आहेत आणि ते बहुतेक मुंबई-पुण्यात. म्हणून आजच, पक्षी ठणठणीत असताना, कोल्हापुरातल्या दोनतीन दवाखान्यांना फोन करा आणि विचारा: ऑक्सिजन आहे का, ग्रॅमचा काटा आहे का, पक्षी हाताळलाय का. पहिल्या दोनचं उत्तर हो आलं तरी पुष्कळ झालं. कुत्र्यामांजरांच्या डॉक्टरांनी ऑक्सिजन आणि ऊब देऊन पक्षी स्थिर केला आणि मला फोनवर डोस विचारला, अशा केसेस मी बऱ्याच पाहिल्यात आणि त्यातले बरेच पक्षी आज जिवंत आहेत. नेताना खोका झाकून न्या, आत पाण्याची वाटी नको, आणि तळाचा शीट पडलेला कागद टाकून न देता सोबत आणा. लोक येण्याआधी पिंजरा धुऊन चकचकीत करून आणतात. माझी अर्धी तपासणी त्या पाण्याबरोबर मोरीत गेलेली असते.

हिरव्या देशी पोपटांचे मालक बरेचदा दवाखान्यात येतच नाहीत, कारण 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते पाळायला बंदी आहे. ते योग्यच आहे, पण भीतीपोटी आजारी जीव कोपऱ्यात ठेवू नका. मांज्यात अडकलेला किंवा झाडावरून पडलेला पोपट सापडला तर तो पाळायला न घेता 1926 या वनखात्याच्या हेल्पलाइनला कळवा. तोवर खोका आणि अंधार हेच.

नराला पुरून झालं असेल. पुन्हा कधी अशी वेळ आली तर मृत पक्षी पिशवीत घालून फ्रिजमध्ये ठेवा, फ्रीजरमध्ये नाही, आणि चोवीस तासांत शवविच्छेदनाला द्या. पुण्यात औंधला पशुसंवर्धन खात्याचा रोग अन्वेषण विभाग आहे. ही उत्सुकता नाही, मादीची आणि तुमचीही गरज आहे. पोपटवर्गातल्या पक्ष्यांचा सिटॅकोसिस हा आजार शिटेच्या धुळीतून माणसाला होतो. येत्या दोनतीन आठवड्यांत घरात कुणाला ताप, डोकेदुखी आणि कोरडा खोकला झाला तर आपल्या डॉक्टरांना “घरात पक्षी मेला होता” हे आवर्जून सांगा, नाहीतर ते साधा फ्लू समजतील. पिंजरा झाडू नका, आधी पाणी फवारून ओला करा, मास्क लावा आणि मग पुसा.

मादी एकटी पडली म्हणून या आठवड्यात नवा जोडीदार आणू नका. तिची तपासणी होऊ द्या, आणि नंतर आणलाच तर त्याला दुसऱ्या खोलीत किमान महिनाभर वेगळा ठेवा. जोडीदार गेल्यावर कॉकाटील दोनतीन दिवस हाका मारतो, कमी खातो, ते समजण्यासारखं आहे, पण म्हणूनच या दिवसांत काटा रोज लावायचा, रविवारची वाट पाहायची नाही. उद्या सकाळी तिचं वजन करा, वाटीवर फुंकर मारून किती दाणा उरलाय ते बघा, आणि तो आकडा, तळाच्या कागदाचा फोटो आणि पाच मिनिटांची फिल्म मला पाठवा.